काचेआडचा दारिद्र्याचा नकाशा

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



विद्यापीठांच्या मोठ्या ग्रंथालयांत दोन प्रकारची संपत्ती असते. पहिली कपाटांतून उघडपणे मांडलेली असते. तिच्या प्रती अन्यत्रही मिळतात आणि एखादी फाटली तर दुसरी विकत आणता येते. दुसरीला ग्रंथपालांच्या परिभाषेत विशेष संग्रह म्हणतात. हस्तलिखिते, रोजनिश्या, पत्रव्यवहार, संघटनांची इतिवृत्ते, हस्तपत्रके, नकाशे, प्रवेशपत्रिका असे तिचे स्वरूप असते. यातील बहुतेक कागदांची दुसरी प्रत जगात नसते. म्हणून ते बंद खोलीत, ठराविक तपमानात, पुठ्ठ्याच्या पेट्यांत ठेवले जातात आणि मूठभर संशोधकांपलीकडे त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. या पेट्यांतून पाचपन्नास वस्तू निवडून त्या काचेखाली मांडल्या आणि दार सर्वांसाठी उघडले की त्याला ऐतिहासिक प्रदर्शन असे नाव मिळते.

हे काम सजावटीचे आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते निवाड्याचे काम आहे. हजार कागदांतून एक कागद उचलताना नऊशे नव्याण्णव बाजूला सारले जातात, आणि जो कागद काचेखाली येतो तोच इतिहास म्हणून पाहणाऱ्याच्या मनात घर करतो. पुस्तक वाचणारा लेखकाशी वाद घालू शकतो, मागचे पान उलटून पाहू शकतो. प्रदर्शन पाहणाऱ्याला तेवढी मुभा नसते. त्याने पाहावयाचे पान आधीच उघडून ठेवलेले असते. श्रमजीवी जनतेच्या इतिहासाशी ज्यांचा संबंध आहे, त्यांनी हा विषय ग्रंथपालांचा म्हणून सोडून देणे म्हणूनच परवडणारे नाही.

याचे उत्तम उदाहरण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या ग्रंथालयाचे आहे. हेन्री हंट हचिन्सन नावाच्या फेबियन सभासदाने मृत्युपत्राने ठेवलेल्या पैशांतून, सिडनी आणि बिअॅट्रिस वेब, ग्रॅहम वॉलस आणि बर्नार्ड शॉ यांच्या पुढाकाराने 1895 साली ही संस्था सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी तिचे ग्रंथालय उभे राहिले. संस्था आज जेथे आहे तो क्लेअर मार्केटचा परिसर एके काळी दाट, गरीब वस्तीचा होता. किंग्जवे आणि ऑल्डविच हे प्रशस्त रस्ते काढण्यासाठी विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील गल्ल्या पाडण्यात आल्या. लंडनच्या दारिद्र्याची सर्वांत तपशीलवार नोंद ज्या इमारतीत जपली आहे, ती इमारत उठवलेल्या गरिबांच्या जागेवर उभी आहे. हा योगायोग तेथील कोणत्याही प्रदर्शनाच्या पहिल्या फलकावर लिहावा, इतक्या मोलाचा आहे.

ही नोंद चार्ल्स बूथ यांची. बूथ (1840 ते 1916) हे लिव्हरपूलमध्ये जन्मलेले जहाजमालक आणि चामड्याचे व्यापारी. ते समाजवादी नव्हते; आयुष्यभर समाजवादाबद्दल त्यांना शंकाच वाटली. तरीही 1886 पासून 1903 पर्यंत त्यांनी स्वतःच्या खर्चाने लंडनच्या जनतेच्या राहणीची आणि श्रमाची पाहणी चालविली. तिचा पहिला खंड 1889 साली निघाला आणि 1902-03 ची अखेरची आवृत्ती सतरा खंडांची झाली. या पाहणीच्या साडेचारशेहून अधिक मूळ वह्या ग्रंथालयात आहेत. लंडनचा प्रत्येक रस्ता तेथील रहिवाशांच्या स्थितीप्रमाणे सात रंगांत रंगविणारे नकाशे हा या पाहणीचा सर्वांत प्रसिद्ध भाग. पिवळा रंग श्रीमंतांचा, तांबडा सुस्थितीतील मध्यमवर्गाचा, गुलाबी बऱ्या मिळकतीच्या कामगारांचा, जांभळा संमिश्र वस्तीचा; फिकट निळा म्हणजे आठवड्याला अठरा ते एकवीस शिलिंगांत संसार चालविणारे गरीब, गडद निळा म्हणजे रोज मिळेल त्या कामावर जगणारे अतिदरिद्री, आणि काळा म्हणजे सर्वांत खालचा थर.

हे नकाशे दिसायला विलक्षण सुंदर आहेत, आणि प्रदर्शन मांडणाऱ्याची पहिली अडचण तेथेच सुरू होते. रंगीत नकाशा काचेखाली ठेवला की माणसे त्याभोवती गोळा होतात, आपल्या आजोबांची गल्ली शोधतात, कोणता रंग निघाला म्हणून हसतात आणि पुढे जातात. गडद निळ्या रंगाच्या एका लहानशा चौकोनात किती माणसे एका खोलीत झोपत होती, हे रंग सांगत नाही. त्याहून मोठी अडचण रंगांच्या अर्थाची आहे. फिकट निळ्याची व्याख्या शिलिंगांत आहे, तर काळ्याची व्याख्या नीतीत आहे. मूळ सूचीत काळ्या रंगासमोर दुराचारी आणि अर्धगुन्हेगार अशा आशयाचे शब्द आहेत. एकाच मोजपट्टीच्या वरच्या टोकाला मिळकत आणि खालच्या टोकाला चारित्र्य ही सरमिसळ व्हिक्टोरियाच्या काळातील सज्जनांना खटकली नाही. आज प्रदर्शन मांडणाऱ्याने काय करावे? परिचयपट्टीवर सौम्य शब्द योजून काळ्याला नुसते 'अतिशय गरीब' म्हणावे, तर पाहणाऱ्याची फसवणूक होते. मूळ शब्द जसेच्या तसे छापून मोकळे व्हावे, तर शंभर वर्षांनंतरही त्या गल्लीतील लोकांवर तोच शिक्का पुन्हा बसतो. मूळ शब्द दाखवावेत आणि ते कोणी, कोणाला विचारून लिहिले हे त्यांच्याच शेजारी तेवढ्याच ठळक अक्षरांत सांगावे, हाच मार्ग त्यातल्या त्यात प्रामाणिक ठरतो.

कोणाला विचारून? हा प्रश्न बूथ यांच्या वह्यांपुढे उभे राहिल्याशिवाय सुचत नाही. छापील खंडांत तो दडून जातो. पहिल्या फेरीची माहिती मुख्यतः शाळा मंडळाच्या भेटनीसांकडून मिळाली. मुले शाळेत येतात की नाही हे पाहण्यासाठी ते घरोघर फिरत आणि त्यांना प्रत्येक कुटुंबाची खडान्खडा माहिती असे. पुढे 1897 पासून नकाशे सुधारून घेताना बूथ यांचे साहाय्यक गस्तीच्या पोलिसांबरोबर रस्तोरस्ती पायी फिरले आणि त्यांनी वाटेत दिसले ते टिपून घेतले. पोलिसांसमवेतच्या या फेऱ्यांच्या वह्या अत्यंत वाचनीय आहेत. दारांवरचे रंग उडालेले, खिडक्यांच्या फुटक्या काचांत चिंध्या कोंबलेल्या, मुलांच्या पायांत जोडे आहेत की नाहीत, अशा बारीकसारीक खुणांवरून रस्त्याचा रंग ठरत असे. या साहाय्यकांपैकी जॉर्ज डकवर्थ हे व्हर्जिनिया वुल्फ यांचे सावत्र भाऊ. पाहणारे त्याच नावाशी अधिक रेंगाळतात, हा प्रसिद्धीचा नेहमीचा अन्याय होय.

पण भेटनीस झाला, पोलीस झाला, धर्मोपदेशक झाला किंवा कारखानदार झाला, वहीत बोलतो तो बहुधा गरिबाविषयी बोलणारा दुसरा कोणीतरी. कामगार संघटनांच्या चिटणीसांच्या मुलाखती उद्योगविषयक मालिकेत आहेत, आणि त्या अनमोल आहेत. पण ज्या बाईच्या खिडकीतील चिंध्या मोजल्या गेल्या, तिचे स्वतःचे म्हणणे शोधावे तर हाती फारसे लागत नाही. प्रदर्शनात ही उणीव भरून काढता येत नाही. मात्र ती लपविता येते, आणि बहुतेक प्रदर्शने ती लपवितात: पोलिसाच्या वाक्याला मोठ्या अक्षरांत भिंतीवर चढवून, ते लंडनच्या गरिबांचेच उद्गार असल्याचा भास निर्माण करून.

आता वहीचे पान कोणते उघडावे, हा प्रश्न घ्या. जुनी वही कणा दुखावू नये म्हणून पाळण्यासारख्या आधारावर ठेवतात आणि तिचे एकाच वेळी समोरासमोरचे दोनच पृष्ठभाग दिसतात. साडेचारशे वह्यांतून दोन पाने! जो संयोजक चवदार वर्णनाच्या शोधात असतो तो दारूच्या गुत्त्याचे पान उघडतो. त्यात खोटे काहीच नसते, पण संपूर्ण पाहणीचा अर्थ त्यामुळे उलटा होतो. कारण बूथ यांनी सुमारे चार हजार गरीब कुटुंबांच्या दारिद्र्याची कारणे तपासली, तेव्हा अगदी तळच्या दोन वर्गांत कामाशी निगडित कारणे, म्हणजे अनियमित काम आणि अपुरे वेतन वगैरे, 55 टक्के निघाली. आजारपण, मोठे कुटुंब यांसारख्या परिस्थितीची कारणे 27 टक्के, आणि दारू किंवा उधळेपणा यांसारख्या सवयींची केवळ 14 टक्के. त्यांच्या वरच्या दोन गरीब वर्गांत कामाची कारणे 68 टक्क्यांवर गेली आणि सवयींची 13 वर आली. गरीब हा आपल्या व्यसनामुळे गरीब असतो, या सुखवस्तूंच्या आवडत्या सिद्धांताला एका जहाजमालकाच्या आकडेवारीने दिलेला हा तडाखा आहे. ज्या प्रदर्शनात गुत्त्याचे पान आहे आणि हा तक्ता नाही, ते प्रदर्शन बूथ यांचे नव्हेच. तक्ता दिसायला रुक्ष असतो, हे मान्य. तो कसा आकर्षक करावा ही संयोजकाची चिंता असावी. तो वगळण्याचे ते निमित्त होऊ शकत नाही.

एकंदर निष्कर्ष असा होता की लंडनच्या 30.7 टक्के जनतेचे जीवन दारिद्र्यरेषेखाली चालले होते. हा आकडा भिंतीवर लावताना त्याच्याबरोबर नेहमी एक कथाही लावली जाते. समाजवादी नेते हिंडमन यांनी कामगारवर्गापैकी पंचवीस टक्के लोक हलाखीत असल्याचे सांगितले, बूथ यांना ती अतिशयोक्ती वाटली आणि ती खोडून काढायला निघालेल्या बूथ यांना दारिद्र्य त्याहूनही जास्त आढळले, अशी ती कथा. समाजवाद्यांना ती गोड वाटावी हे साहजिकच आहे. परंतु पुढच्या अभ्यासकांनी तिच्या पुराव्याबद्दल शंका उपस्थित केली आहे, आणि प्रदर्शनाच्या पहिल्याच फलकावर आपल्याला सोयीची म्हणून आख्यायिका छापणे, हे सरकारी इतिहासकारांच्या उद्योगाहून वेगळे म्हणता येणार नाही.

दुसऱ्या बाजूनेही हीच कसोटी लावली पाहिजे. बूथ यांनी वृद्धांना निवृत्तिवेतन मिळावे म्हणून वर्षानुवर्षे प्रचार केला. 1908 चा कायदा झाला आणि 1909 च्या प्रारंभापासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत मिळू लागले. हे प्रत्येक प्रदर्शनात असते. पण याच बूथ यांनी 'ब' वर्गातील, म्हणजे ज्यांना आठवड्यातून दोनतीन दिवसच काम मिळते अशा अतिदरिद्री लोकांना शहरातून हलवून शासकीय देखरेखीखालच्या श्रमवसाहतींत ठेवावे, म्हणजे वरच्या कामगारांशी त्यांची स्पर्धा संपेल, अशी सूचना केली होती. हे पान क्वचितच उघडे ठेवले जाते. प्रदर्शनाला ज्यांच्या देणगीचा टेकू असतो त्यांना निवृत्तिवेतनाचा बूथ रुचतो, श्रमवसाहतीचा रुचत नाही. शहराच्या सौंदर्याला बाधा येते म्हणून झोपडपट्ट्या उठविण्याचे जे शास्त्र आपल्याकडे नगरनियोजनाच्या नावाने शिकविले जाते, त्याचे पूर्वज येथे भेटतात, आणि म्हणूनच ते पान उघडे हवे.

बूथ यांच्या पत्नीच्या नात्यातील बिअॅट्रिस पॉटर, म्हणजे पुढच्या बिअॅट्रिस वेब, यांनी याच पाहणीसाठी ईस्ट एंडमधील गोदी कामगार आणि शिवणकाम यांवर लिहिले. त्यासाठी त्या 1888 साली वेश पालटून काही दिवस शिवणकारीण म्हणून कारखान्यात बसल्या. 1873 पासून 1943 मधील मृत्यूपर्यंत त्यांनी लिहिलेली रोजनिशी त्याच ग्रंथालयात आहे. गोदी कामगारांवरचे त्यांचे प्रकरण पहिल्या खंडात 1889 मध्ये छापून आले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या गोद्या पाच आठवडे बंद पडल्या. ताशी सहा पेन्सची मागणी मान्य झाली. ज्या रोजंदारी कामगाराचा अभ्यासकांनी निराशेने उल्लेख केला होता, तोच संघटित झाला. छापील प्रकरण आणि संपाच्या वेळचे एखादे हस्तपत्रक ही दोन एकाच पेटीत शेजारी ठेवली, तर कोणत्याही भाष्याविना पाहणाऱ्याला जे कळते, ते दहा फलकांनी कळत नाही. प्रदर्शन या माध्यमाचे खरे सामर्थ्य या शेजाराशेजारीच्या मांडणीत आहे.

तांत्रिक बाजूबद्दल थोडक्यात. जुना कागद आणि रंग यांना प्रकाश हा मंद विषासारखा असतो. म्हणून अशा पेट्यांवर साधारण पन्नास लक्सहून अधिक प्रकाश पडू देत नाहीत आणि काही महिन्यांनी मूळ वस्तू उचलून पुन्हा अंधारात ठेवतात. दीर्घकाळ ठेवायचे असेल तर प्रतिकृती ठेवतात आणि तसे स्पष्ट लिहितात. प्रतिकृतीला मूळ म्हणून खपविणे हे या व्यवसायातील पाप. बूथ यांच्या नकाशांची आणि अनेक वह्यांची छायाचित्रे आता संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. तेव्हा प्रदर्शनाची गरजच काय, असे विचारले जाते. पडद्यावर प्रत्येक वस्तू सारख्याच आकाराची दिसते. खिशात मावणारी वही आणि भिंत व्यापणारा नकाशा यांतील अंतर तेथे नाहीसे होते. शिवाय जे पाहावे असे ठाऊकच नाही, ते कोणी संगणकावर शोधायला जात नाही.

परिचयपट्टीवर किती दावा करावा, याचा एक बोधप्रद नमुना याच ग्रंथालयात आहे. तेथे 2013 साली स्त्रियांच्या चळवळीचे एक संपूर्ण ग्रंथालय, विमेन्स लायब्ररी, दाखल झाले. त्यात एमिली वाइल्डिंग डेव्हिसन यांचे एप्सम येथील परतीचे रेल्वे तिकीट आहे. 4 जून 1913 रोजी डर्बीच्या शर्यतीत त्या राजाच्या घोड्यापुढे गेल्या आणि चार दिवसांनी वारल्या. परतीचे तिकीट होते, म्हणजे त्यांना मरायचे नव्हते, असे वाक्य त्या तिकिटाखाली लिहिण्याचा मोह कोणालाही होईल. पण शर्यतीच्या दिवशी एप्समसाठी सवलतीची परतीची तिकिटेच मिळत होती, असा प्रतिवाद केला जातो. एवढासा पुठ्ठ्याचा तुकडा. त्याच्यावर एका स्त्रीच्या मनातील अखेरचा हेतू लादायचा की नाही? ज्यांना शंभर शब्दांची पट्टी लिहिणे सोपे वाटते, त्यांनी या तिकिटाखाली लिहून पाहावे.

संग्रह मुळात जमतो कसा, याचीही एक कहाणी आहे आणि ती महाराष्ट्राशी येऊन भिडते. हर्बर्ट फॉक्सवेल हे केंब्रिजचे अर्थशास्त्राचे अध्यापक. लंडनलाही ते शिकवीत. त्यांना आर्थिक विषयांवरील जुनी पुस्तके आणि पत्रके जमविण्याचे वेड होते. विल्यम थॉम्सन, हॉजस्किन, ग्रे, ब्रे यांची, ओवेनपंथीयांची, रस्त्यावर पैशापैशाला विकली गेलेली समाजवादी पत्रके त्यांनी रद्दीतून वाचविली. अँटन मेंगर यांच्या श्रमफलाच्या हक्कावरील ग्रंथाच्या 1899 च्या इंग्रजी आवृत्तीला त्यांनी जी दीर्घ प्रस्तावना जोडली, तीमुळे या विस्मृत इंग्रज समाजवाद्यांची नावे अर्थशास्त्राच्या इतिहासात परत आली. स्वतः फॉक्सवेल यांना समाजवाद मान्य नव्हता! सुमारे तीस हजार ग्रंथांचा त्यांचा संग्रह गोल्डस्मिथ्स कंपनी या सोनारांच्या जुन्या संघाने 1901 साली विकत घेतला आणि 1903 मध्ये लंडन विद्यापीठाला दिला. लगेच त्यांनी दुसरा संग्रह जमवायला घेतला, तो हार्वर्डला गेला. समाजवाद्यांनी छापून वाटून टाकलेले कागद समाजवादाच्या विरोधकाने जपले, यावर चळवळीतील माणसांनी अंतर्मुख व्हावे.

याच फॉक्सवेल यांच्याकडे 1916 साली न्यूयॉर्कहून एक विद्यार्थी शिफारसपत्र घेऊन आला. पत्र कोलंबिया विद्यापीठाच्या सेलिगमन यांचे आणि विद्यार्थी भीमराव आंबेडकर. बूथ यांचा मृत्यू त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला, हा आणखी एक योगायोग. आंबेडकरांची विद्यार्थी म्हणून असलेली कागदपत्रे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने जपली आहेत आणि 2023 साली तेथील ग्रंथालयाने बाबासाहेबांच्या या शिक्षणपर्वावर प्रदर्शनही मांडले. अशा कागदपत्रांचे स्वरूप कचेरीचे असते. अर्ज, शुल्क, विषयाची नोंद, प्राध्यापकांचे अभिप्राय. त्यातून समजते ते इतकेच: बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये विद्यार्थी परत गेला, चार वर्षांपर्यंतची सवलत मिळाली, 1920 मध्ये तो परतला, 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाला.

या दोन नोंदींच्या मधल्या कोऱ्या जागेत काय घडले, ते लंडनच्या कचेरीला ठाऊक नव्हते. बोटीने पाठविलेली पुस्तके पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेली. बडोद्यात अधिकारपदावर रुजू झालेल्या या पदवीधराला जातीमुळे राहायला खोली मिळेना. नाव लपवून पारशी वसतिगृहात काढलेले दिवस लाठ्या घेतलेल्या जमावाने संपविले. पुढे सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकी, जानेवारी 1920 मधील 'मूकनायक', राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज आणि पगारातून साठविलेले पैसे. या सर्वांच्या बळावर तो माणूस पुन्हा बोटीत बसला. परक्या देशातील ग्रंथालयाने मांडलेल्या प्रदर्शनात या कोऱ्या जागेला किती स्थान मिळते, यावर त्या प्रदर्शनाची किंमत ठरते. नाहीतर बाबासाहेब म्हणजे एका नामांकित संस्थेचा नामांकित माजी विद्यार्थी, एवढेच उरते आणि संस्थेच्या जाहिरातीला एक चेहरा मिळतो. लंडनमधील ज्या घरात ते राहत ते घर महाराष्ट्र शासनाने 2015 साली विकत घेऊन स्मारक केले, हे योग्यच झाले. पण घराच्या भिंती मुक्या असतात. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' कसा लिहिला गेला हे कागदच सांगू शकतात.

पुण्यात असे प्रदर्शन मांडायचे ठरविले तर साहित्य कमी नाही. बूथ यांच्या मागोमाग सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहराची पाहणी करून 1901 साली ती प्रसिद्ध केली. त्या पद्धतीने इंग्लंडमधील रिजमाउंट या खेड्याची पाहणी करणारे हॅरल्ड मॅन पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि त्यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर हे गाव पाहिले. 1917 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात गावातील सरासरी जमीनधारणा 1771 मध्ये चाळीस एकर होती ती 1915 मध्ये सातावर आली, असे दाखविले आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली 1936-37 पासून झालेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी दोन भागांत, 1945 आणि 1952 साली, प्रसिद्ध झाली. भारत सेवक समाजाचे ग्रंथभांडारही त्याच संस्थेत आहे. लंडनचा रंगीत नकाशा, यॉर्कचे कोष्टक, पिंपळे सौदागरच्या शेतांचे तुकडे आणि गाडगीळांच्या पुण्यातील कुटुंबांचे तक्ते एका दालनात लावले, तर दारिद्र्य मोजण्याची कला कशी प्रवास करीत आली आणि वाटेत तिने काय टाकून दिले, हे डोळ्यांना दिसेल. पिंपळे सौदागर आज उंच इमारतींचे उपनगर झाले आहे. जमिनीचे ते सात सात एकरांचे तुकडे शेवटी कोणाच्या हाती गेले, हा त्या दालनातील अखेरचा, अद्याप न लिहिलेला फलक.

आपल्या विद्यापीठांत हे का होत नाही, याचे उत्तर पैशांच्या अभावात अंशतःच सापडते. दुर्मीळ म्हणून शिक्का मारलेले ग्रंथ कुलपात ठेवणे सुरक्षित असते. बाहेर काढले तर कोणाची तरी भावना दुखावेल, कोणी तरी प्रश्न विचारील, ही धास्ती मोठी आहे. जयंती-पुण्यतिथीला मोठी छायाचित्रे आणि पुष्पहार, एवढ्यावर मग भागविले जाते.

आणि अडचण त्याही अगोदरची आहे. मुंबईच्या गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या काळातील गेटसभांची पत्रके, चाळसमित्यांच्या वह्या, धान्यवाटपाच्या याद्या, गावी गेलेल्यांची पोस्टकार्डे, बदली कामगारांचे पास हे सारे ट्रंकांत आणि पोटमाळ्यांवर होते. ज्यांनी ते ठेवले ते आता सत्तरी-ऐंशी ओलांडलेले आहेत. चाळी पाडून मनोरे उभे राहतात, तेव्हा खोली रिकामी करण्याच्या गडबडीत पहिला बळी रद्दीचा असतो. कार्यकर्त्यांच्या घरांतील कागदांची गत याहून निराळी नाही. बूथ यांच्या वह्यांत जिचा आवाज नाही, त्या बाईचा आवाज येथे तिच्याच अक्षरांत आहे आणि तो किलोच्या भावाने जातो आहे.

तेव्हा काही साध्या गोष्टी. कागद फाटला असेल तर त्याला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडून अक्षरे खाते. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. प्लास्टिकच्या आवरणात कायमचे बंद करून घेण्याची जी नवी हौस आहे, ती टाळावी. छायाचित्रामागे मऊ शिसपेन्सिलीने माणसांची नावे, गाव आणि वर्ष लिहावे. पुढाऱ्याचे नाव सर्वांनाच ठाऊक असते, त्याच्या मागे सतरंजी उचलणाऱ्याचे नाव विचारून घ्यावे. पत्राबरोबर त्याचे पाकीटही ठेवावे, कारण तारीख पुष्कळदा टपालाच्या शिक्क्यावरच असते. कागद कोणत्याही विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या ग्रंथालयाला देताना यादी दोन प्रतींत करून एकीवर पोच घ्यावी, आणि त्या यादीच्या पहिल्या रकान्यात कागदाचे वर्णन लिहिण्याआधी तो कोणाच्या घरातून आला, ते नाव आणि चाळीचा पत्ता लिहावा.